ओरम गेला, तिथपर्यंत

बसले की माझा डावा पाय हलतो. आई म्हणते, शिलाई मशीन चालवतेस का. पहिल्याच रविवारी मंदाकिनीबाई म्हणाल्या, "बाळ, जमीन लाकडी आहे. खाली तांबट ठोकतायत तेवढं पुरे." तेव्हापासून त्या खोलीत मी एक पाय दुसऱ्या पायाखाली दाबून बसते.

ती खोली गोपाळकृष्णकाकांची, कसबा पेठेत, तांबट आळीच्या तोंडाशी. काका विमा कचेरीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या मरणाचे कागद तपासले, आता ड्रॅगन वाचतो, असं स्वतःच सांगतात. दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे आम्ही फँटसीवाले जमायचो. आम्ही म्हणजे चौघं. काका, भूगोल शिकवून रिटायर झालेल्या मंदाकिनीबाई, माझ्यासारखाच हिंजवडीत नोकरी करणारा पण दुसऱ्या कंपनीतला आमोद, आणि मी. गंभीर पुस्तकं वाचणाऱ्या लोकांचे गट पुण्यात गल्लोगल्ली आहेत. राक्षस आणि जादूगार वाचणाऱ्या मोठ्या माणसांना मात्र तोंड लपवून वाचावं लागतं, म्हणून आम्ही एकमेकांना धरून होतो.

बैठकीची एक रीत होती. आपली पाळी आली की म्हणायचं, मी अमक्याची कादंबरी वाचतोय, अमुक घडलं तिथपर्यंत आलोय. मग आपलं मत. त्यापुढचं काही बोलायचं नाही. एकाचं मत झालं की बाकीच्यांनीही त्याच पुस्तकावर मत द्यायचं, वाचलेलं नसलं तरी, ऐकलं तेवढ्यावरून. न वाचता मत देणं पुण्यात कुणाला जड जात नाही.

काकांचा ड्रॅगनवाल्या मालिकेचा चौथा भाग चालला होता आणि चौथ्या भागातही राजपुत्र गादीवर बसत नव्हता. काका म्हणायचे, आमच्याकडे याहून लवकर क्लेम पास व्हायचे. आमोदला प्रत्येक पुस्तकात जादूचे नियम लागायचे. मंत्राला किती शक्ती लागते, ती येते कुठून, संपली तर काय. मंदाकिनीबाई आधी पुस्तकातला नकाशा उघडायच्या. "नदी डोंगरावरून उतरून दोन फाटे फुटून दोन समुद्रांना मिळते म्हणे. या लेखकाने नदी पाहिलेली नाही," असं म्हणून त्या पुस्तक मिटायच्या, आणि पुढच्या आठवड्यात ते संपवूनच यायच्या.

२००४ च्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी माझी पाळी आली तेव्हा माझ्या मांडीवर पुस्तक नव्हतं. महिनाभर मी काही वाचलंच नव्हतं. येरवड्याहून हिंजवडीला कंपनीची बस जायची, त्या दीड-दोन तासांत वाचायचं सोडून मी लिहीत होते, एका बाजूने कोऱ्या असलेल्या प्रिंटआउटवर. त्यातलंच सांगायला सुरुवात केली.

एक काळं तळं आहे. त्याच्या एका काठाला जिवंत माणसांचं नगर आणि दुसऱ्या काठाला कशाचं, ते कुणी बोलत नाही. तळं ओलांडताना प्रत्येक प्रवासी एक गोष्ट विसरतो. कुणी आईचा आवाज विसरतं, कुणी कर्ज, कुणी स्वतःचं लग्न. विसरलेलं सगळं नावाड्याच्या लक्षात राहतं. त्या नावाड्याचं नाव ओरम.

मी थांबले तेव्हा काका पुढे सरकून बसले होते. "कुणाची ही?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मंदाकिनीबाई म्हणाल्या, "बाहेरचाच असणार कुणीतरी. आपल्याकडे इतकं मोकळं सुचत नाही कुणाला. नाव काय त्याचं?"

मला राग आला. मला राग पटकन येतो, आणि राग आला की मी सरळ बोलण्याऐवजी वाकडं बोलते. आमच्या क्लायंटकडे एक मॅनेजर होता, ग्रॅहम पिल्चर. मी टेस्टर, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं माझं काम. हा ग्रॅहम रोज कुठली चूक अजून दुरुस्त झाली नाही याची मेल पाठवायचा. त्याने आयुष्यात डेडलाइनपलीकडे कशाची कल्पना केली नसेल.

"ग्रॅहम पिल्चर," मी म्हणाले. "इंटरनेटवर येते. दर आठवड्याला एक प्रकरण. मी ऑफिसात वाचते."

"बघा," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

त्या दिवशी जिना उतरताना मला हसू आवरत नव्हतं. पुढच्या रविवारी हसू कमी झालं, कारण काकांनी माझी पाळी सगळ्यांत आधी लावली. त्यानंतर दर रविवारी मी कागद पुढे धरून "अनुवाद करून" वाचायचे आणि चौघांची मतं व्हायची. म्हणजे तिघांची. मी ग्रॅहमच्या वतीने गप्प बसायचे.

असे वाचक कुणाला मिळतात? आमोद म्हणाला, ओरमला विसरलेलं सगळं आठवत असेल तर त्याच्या डोक्यात जागा कधीतरी संपणार, त्याचं काय? बसमध्ये मी त्यावर सोमवार ते शुक्रवार विचार केला. मग ओरम विसरलेल्या गोष्टींच्या गाठी दोरावर मारायला लागला आणि कादंबरी एकदम उभी राहिली. मंदाकिनीबाईंनी मला तळ्याचा नकाशा सांगायला लावला, तो काढला, आणि म्हणाल्या, या माणसाला पाणी कळतं. काका म्हणाले, आपल्या लेखकांनी याच्याकडून शिकावं. मी चहाचा कप तोंडाला लावून बसले. आतून इतकी खूश होते आणि इतकी चिडलेली, की पायाखाली दाबलेला पायसुद्धा थरथरत होता.

चांगलं म्हटलेलं सगळं ग्रॅहमच्या खात्यात जात होतं. सोमवारी ऑफिसात त्याची मेल आली की मला वाटायचं, याला लिहावं, अभिनंदन, कसब्यात तुझे चाहते वाढतायत. एकदा तर सांगूनच टाकायचं असं ठरवून गेले. पण जिन्यात भीती वाटली. माझं आडनाव कळल्यावर काका एकदा म्हणाले होते, "वा, शिकून पुढे आलात, फार छान." मनापासून म्हणाले होते, वाईट काही नव्हतं त्यात. पण मग कादंबरी माझी आहे कळल्यावर ती "फार छान" होणार, आणि मंदाकिनीबाई नद्यांच्या चुका काढायच्या बंद होणार. मला शाबासकी नको होती. मला ती भांडणं हवी होती.

मंदाकिनीबाईंचा जीव ओरमवर जडला होता. तो कमी बोलायचा आणि बोलला की लागेल असं बोलायचा. होडी हलायच्या आत प्रत्येक प्रवाशाला विचारायचा, "उतरायचं कुठे आहे ते आठवतंय ना?" बाई जिना चढतानाच विचारायच्या, "काय म्हणतोय आमचा ओरम?"

काय म्हणणार? ओरमच्या तोंडी होतं ते माझ्या बाबांचं बोलणं होतं.

बाबा, रतन त्यांचं नाव, पीएमटीत ड्रायव्हर होते, स्टेशन ते वाघोली. रोजच्या प्रवाशांपैकी कोण कुठे उतरतो हे त्यांना पाठ होतं. कुणाला डुलकी लागली तर त्याच्या स्टॉपला जास्त वेळ थांबायचे आणि आरशात बघून म्हणायचे, "आठवतंय ना उतरायचं?" मी कॉलेजात असताना एका दुपारी सरुबाई नावाची वाघोलीची भाजीवाली त्यांचा डबा घेऊन आमच्या घरी आली. "गाडी कडंला घेतली बघा," ती आईला सांगत होती. "आमाला वाटलं पंक्चर हाय. ब्रेक वडला, इंजान बंद केलं. मग मान टाकली. गाडी भरल्याली व्हती, पन कुनाला खरचटलं बी न्हाई."

पहिल्या पानापासून मला माहीत होतं की ओरमला जायचंय. त्याच्यासाठीच तर ते तळं भरलं होतं.

पण ते प्रकरण आलं आणि माझा हात चालेना. एका रविवारी मी ओरमला होडीला डांबर लावायला बसवलं. पुढच्या रविवारी त्याला बाजारात दोर घ्यायला पाठवलं आणि तिथे भावावरून लांबलचक हुज्जत घालायला लावली. त्याच्या पुढच्या रविवारी तो इसेल नावाच्या मुलीला गाठी मारायला शिकवत बसला, एक गाठ, दुसरी गाठ, तिसरी गाठ.

"हा सगळा फिलर आहे, नुसती भरती," आमोद म्हणाला. "ग्रॅहमला पुढे काय करायचं ते सुचत नाहीये."

"टाळतोय तो काहीतरी," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "वर्गात पोरं धडा आला नाही की मधल्या मधल्या ओळी सावकाश वाचतात, तसं."

त्या आठवड्यात मी नीट झोपले नाही. ऑफिसात साध्या साध्या चुका नजरेतून सुटल्या आणि ग्रॅहमची नेहमीपेक्षा लांब मेल आली. त्यात आमोदने घरी ब्रॉडबँड घेतलं होतं आणि रोज विचारत होता, लिंक पाठव ना. मी कधी म्हणायचे साइटला लॉगिन लागतं, कधी म्हणायचे कंपनीतूनच उघडते. शेवटी तो म्हणाला, राहू दे, मी शोधतो. मला दोन्हीकडून घाई झाली होती. पकडले जायच्या आत ओरमचं मरण लिहून व्हायला हवं होतं, आणि तेच लिहायचं नव्हतं. शुक्रवारी घरी जाताना बस औंधच्या सिग्नलला अडकली होती, तेव्हा एका दमात लिहून टाकलं.

रविवारी आमोद माझ्या आधीच येऊन बसला होता. मी चप्पल काढतेय तोच म्हणाला, "काल दिवसभर सर्च केलं. ग्रॅहम पिल्चर दोनच सापडले. एक कुत्र्यांच्या शर्यती भरवतो. दुसरा मॅनेजर आहे, आणि ललिता, तो तुझ्या क्लायंट कंपनीत आहे."

"आधी प्रकरण," काका म्हणाले. "चौकशा मग."

मी वाचलं. ओरमला तळ्याच्या मधोमध कळलं की आपल्या छातीत काहीतरी बिनसलंय. होडीत माणसं होती, एक बाई बाळाला पाजत होती. त्याने कुणाला काही सांगितलं नाही. वल्ही मारत राहिला. काठ आला. होडी लावली, दोर खुंटीला बांधला, गाठ ओढून पाहिली. सगळे उतरेपर्यंत उभा राहिला. मग खाली बसला आणि उठला नाही.

मंदाकिनीबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग अशा आवाजात बोलल्या की मी त्यांच्या वर्गात नव्हते याचं मला बरं वाटलं.

"खोटं आहे हे. धडधडीत खोटं. असं कुणी मरत नाही. माणूस मरताना मरतो, गाठ ओढून बघत नाही. आम्हाला रडवायचं म्हणून मारलाय त्याला. इतके दिवस या माणसाला पाणी कळतं म्हणत होते मी, पण माणसं कळत नाहीत त्याला."

"मरतात," मी म्हणाले.

"काय?"

"मरतात असे. माझे बाबा असेच गेले. वाघोलीच्या रस्त्यावर, पीएमटी चालवताना. गाडी कडेला घेतली, ब्रेक लावला, इंजिन बंद केलं, मग गेले."

खाली तांबट ठोकत होता.

"सॉरी ललिता," आमोद म्हणाला. "मला खरंच माहीत नव्हतं." मग त्याच्याने राहवेना. "पण ग्रॅहमचा याच्याशी काय संबंध?"

"काही नाही. तो फक्त मेल पाठवतो. कादंबरी माझी आहे."

आमोद माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे तोच तो. तो लिहितो आणि तुला मेल करतो. म्हणून साइट सापडत नाही. बाबांचं तू त्याला सांगितलंस का?"

"मी लिहिते, आमोद. बसमध्ये बसून."

"अनुवाद हीसुद्धा निर्मितीच असते," काका समजुतीच्या सुरात म्हणाले. "आपण त्याचं श्रेय जरूर घ्यावं. संकोच करू नये."

मग माझा तोल गेला. पाय केव्हाच सुटला होता आणि जमीन थडथडत होती, तरी कुणी मला थांबवलं नाही. "तुम्हाला सगळं पटतं," मी म्हणाले. "बोलणारे ड्रॅगन पटतात. तळं माणसाची आठवण पितं हे पटतं. मेलेला राजा चौथ्या भागात परत येतो ते पटतं. फक्त येरवड्याची मुलगी बसमध्ये बसून हे लिहिते, एवढं एकच पटत नाही. मग कशाला वाचता हो तुम्ही फँटसी?"

काकांनी मान खाली घातली. आमोद स्वतःच्या पुस्तकाची पानं उगीच चाळत होता. मी कागद गोळा करायला लागले. हे तिघं हातचे गेले, आता कुणाला वाचून दाखवायचं, असं मनात आलं.

"थांब," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तुझी आहे ना? मग त्याला जिवंत कर."

"काय?"

"तुझी कादंबरी, तुझा ओरम. गाठ ओढून पाहिल्यावर दम खाऊन उठला असं लिही. एक वाक्य लागतं. लिहून टाक, आत्ता, इथे. लेखकाला काय अवघड आहे?"

"नाही करता येत."

"का?"

"प्रयत्न केला होता," मी म्हणाले. रडायचं नव्हतं, पण रडू आलं. "डांबर लावायला बसवलं त्याला. बाजारात पाठवलं. गाठी शिकवत ठेवलं. आणखी काय करायला लावू? जितके दिवस ठेवता आला तितके दिवस ठेवला मी."

आमोदने पानं चाळणं थांबवलं. "तो फिलर," तो हळूच म्हणाला.

मंदाकिनीबाई कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होत्या. परीक्षेत कॉपीचा संशय असलेल्या पोराकडे बघावं तसं आधी, आणि मग तसं नाही. त्यांनी मांडीवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. त्याच्यात खूण ठेवायची विसरल्या.

"गोपाळकृष्ण, आता पाळी कुणाची?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच," काका म्हणाले.

बाई सरळ बसल्या. रीतीप्रमाणे सुरुवात केली. "मी सध्या ललिता कांबळे यांची कादंबरी वाचतेय. ओरम गेला, तिथपर्यंत आले आहे." थोडं थांबल्या. "लेखिकेला पाणी कळतं. माणसं कळत नाहीत असं मघाशी म्हटलं होतं, ते परत घेते. पण मत चांगलं आहे असं समजू नका. माझा राग आहे तिच्यावर. माझं मत असं, की त्याने जायला नको होतं."

बोलून झाल्यावर त्यांनी काकांकडे पाहिलं, काकांनी आमोदकडे, आणि मग तिघंही माझ्याकडे बघायला लागले. रीत रीत असते. एकाचं झालं की बाकीच्यांनी आपलं मत द्यायचं, आणि इतक्या रविवारांत माझंच तेवढं राहिलं होतं.

"माझंही तेच मत आहे," मी म्हणाले.